हौसेच्या फोटोग्राफीला ८के व्हिडिओ कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन आणि त्याच्या मागेपुढे चवथ (गणेश चतुर्थी), त्यामुळे गोव्यात कॅमेरा घ्यायचा हाच सीझन. दुकानांच्या ऑफर, झिरो डाउन पेमेंट, आणि जाहिरातीत नुसते आकडे, ४५ मेगापिक्सेल, सेकंदाला २० फ्रेम, ८के व्हिडिओ. आमच्या फोंडा भागातली फोटोची हौस असलेली कितीतरी पोरं हे आकडे बघूनच कॅमेरा ठरवतात, हप्त्यावर घेतात, आणि मग हप्ते फिटेपर्यंत लेन्स घ्यायला पैसेच उरत नाहीत, बॉडीबरोबर आलेल्या किट लेन्सवरच सगळं भागवायचं. हौशी माणसाला यातलं खरंच किती लागतं यावर कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं असं वाटतं म्हणून हे पत्र.

आधी मेगापिक्सेलच (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके) घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. तुमच्या पेपरात आठ इंच रुंद फोटो छापायचा आणि २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) धरला तर १६०० पिक्सेल रुंदी पुरते. १९९९ साली निकॉनचा डी१ आला तो २.७ मेगापिक्सेलचा होता आणि खास पेपरवाल्या फोटोग्राफरांना डोळ्यासमोर ठेवून केलेला. घरचा ४के टीव्ही म्हणजे साधारण ८.३ मेगापिक्सेल, त्याहून जास्त तो दाखवूच शकत नाही. भिंतीवर लावायला १२ बाय १८ इंचाची चांगली ३०० डीपीआयची प्रिंट काढली तरी साडेएकोणीसच्या आसपास. आणि २४ मेगापिक्सेल तर २०१२ सालच्या निकॉन डी३२०० मध्येच होते, तो नवशिक्यांसाठीचा कॅमेरा होता! म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीचा सेकंडहँड कॅमेरासुद्धा घरात लावायच्या प्रिंटला पुरून उरतो. मोबाईलवर स्टेटस ठेवणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

सेकंदाला २० फ्रेमचा हिशेब कोणी दुकानात करून दाखवत नाही. ४५ मेगापिक्सेलची एक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल अंदाजे ५० एमबी, दहा सेकंद बटण दाबून धरलं की २०० फोटो, म्हणजे १० जीबी. शिगम्याच्या एका मिरवणुकीत रोमटाच्या (ढोल-ताशांच्या) पथकापुढे उभं राहून कोणी असं तासभर काढत राहिलं तर घरी येऊन ते बघणार कधी, निवडणार कधी, आणि साठवणार कुठे? मग कॉम्प्युटर नवीन, हार्ड डिस्क नवीन. आणि खरं सांगायचं तर ढोलावर काठी पडण्याचा क्षण पकडायला ताल ऐकावा लागतो, दोन-तीन आवर्तनं नुसतं ऐकत उभं राहिलं की बोट आपोआप वेळेवर दाबलं जातं.

व्हिडिओचंही तेच. २००८ साली निकॉन डी९० आला, व्हिडिओ घेणारा तो पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा), त्याच वर्षी कॅननचा फाइव्ह डी मार्क टू, आणि तिथून पुढे फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ इतका शिरला की आता अर्धा मेनू त्याचाच असतो. ज्यांना शॉर्ट फिल्म करायच्यात, रील्सवर पोट आहे, त्यांना तो हवाच, त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तसंच दोन कार्ड स्लॉट लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला हवेतच, कारण कार्ड गेलं तर हार घालायचा क्षण परत आणता येत नाही. पण रविवारी सकाळी पणजीत फोंताइन्हासच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या माणसाने याचे पैसे का भरायचे?

मी सरसकट नवीन कॅमेऱ्याच्या विरोधात नाही, उलट काही गोष्टी अशा आहेत की त्या आमच्या गोव्यात सोन्यासारख्या उपयोगी पडतात. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, हे त्यातलं पहिलं. संध्याकाळी देवळासमोरचा दीपस्तंभ पेटतो, ट्रायपॉड लावायला गर्दीत जागा नसते, तेव्हा साठांश सेकंदाऐवजी हातात धरून अर्ध्या सेकंदापर्यंत जाता येतं (पाच स्टॉपचा, म्हणजे पाच वेळा दुपटीचा, फायदा धरला तर, आणि हात थोडा तरी स्थिर हवा). पण एक लक्षात ठेवा, त्याने आपला हात सावरतो, समोरचा माणूस हलला तर तो हललेलाच येणार, नाचणाऱ्या फुगडीला ते काही कामाचं नाही, तिथे मोठ्या ॲपर्चरची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, लेन्सच लागते. दुसरं म्हणजे पावसापासून संरक्षण. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो, वरून आषाढाचा पाऊस आणि खालून चिखल, तिथे सीलिंग असलेली बॉडी मनाला धीर देते, तरी वर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लागतोच. आणि पक्षी काढणाऱ्यांना पक्ष्याचा डोळा पकडणारा ऑटोफोकस, फ्रेमचा वेग, क्रॉप करायला जास्तीचे मेगापिक्सेल या सगळ्याचा खरा उपयोग आहे. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात किंवा करमळीच्या तळ्यावर उडणारा खंड्या जुन्या फोकसने मिळतो, पण फार मेहनतीने. तेव्हा प्रश्न फीचर चांगलं की वाईट हा नाहीच, तुम्ही काय काढता हा आहे, आणि दुकानात नेमकं हेच कोणी विचारत नाही. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाला फक्त माटोळी (चवथीला गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची आरास) आणि देवळांचे फोटो काढायचे होते, त्याला पक्ष्यांसाठीच्या वेगाची बॉडी गळ्यात मारली, आता तो ती ऑटोवर ठेवूनच वापरतो.

काही जण म्हणतात, असू देत ना फीचर्स, नको तर वापरू नका. पण न वापरलेल्या फीचरचेही पैसे भरलेले असतात, आणि नवशिक्याला मेनूच्या पानांमागून पानं बघून भीती बसते, मग ॲपर्चर, शटर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणं) ही चार बटणंसुद्धा तो शिकत नाही. पेंटॅक्स के१००० हा कॅमेरा १९७६ ते १९९७ चालला, ऑटोफोकस नाही, शटर जास्तीत जास्त हजारांश सेकंद, आणि जगभरात फोटोग्राफी शिकवणाऱ्यांनी तोच मुलांच्या हातात दिला.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि लेन्सला बुरशी धरायला साठ-पासष्टच्या पुढची दमट, अंधारी, बंद जागा पुरते. लाखाचा कॅमेरा घेतला, चवथीला वापरला आणि बॅगेत घालून कपाटात ठेवला की पुढच्या पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ही बुरशी आम्ल सोडते, ते काचेवरचं कोटिंग खातं, आणि एकदा ते गेलं की साफ करूनही डाग राहतात. चामड्याचं कव्हर तर ओल धरून ठेवतं, ते पावसात वापरूच नये. कुठलंही फीचर यापासून वाचवत नाही. वाचवतो तो घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल (निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून परत वापरता येतात), एक छोटा आर्द्रता मीटर, नाहीतर जमत असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवलेलं इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा दर आठवड्याला बाहेर काढून वापरणं, उजेड आणि हवा बुरशीला मानवत नाही. ज्या पैशात एक वरचं मॉडेल येतं, त्यातच खालचं मॉडेल, एक ५० एमएमची १.८ (मोठ्या ॲपर्चरची) लेन्स आणि ड्राय कॅबिनेट बसू शकतं. दुकानदारांनी हा सेट करून विकला तर त्यांचंही काही नुकसान नाही, गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकेल.

तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. चवथीच्या पुरवणीत खरेदीच्या पानावर नव्या मॉडेलांच्या यादीबरोबर पावसाळ्यात कॅमेरा-लेन्स कसे जपायचे यावर अर्धं पान द्या, गोव्यात राहून जे हे काम करतात अशा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या, कारण बुरशी धरलेल्या लेन्स त्यांच्याच टेबलावर येतात. आणि वाचकांचे माटोळीचे फोटो छापाल तेव्हा खाली कॅमेऱ्याचं नाव नको, त्याऐवजी गाव, काढल्याची वेळ, उजेड कुठून होता आणि शटर-ॲपर्चर किती हे छापा. मोबाईलवर काढलेलेही घ्या. नवीन शिकणाऱ्या पोराला त्या चार ओळींवरून घरी तसाच फोटो काढून बघता येईल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा