कलमबाग वक्फ करण्याविषयी अब्बा-अम्मींस पत्र

प्रिय अब्बा आणि अम्मी,

अस्सलामु अलैकुम.

खाडीकडची कलमबाग वक्फ-अलल-औलाद (अल्लाहच्या नावे कायमची राखीव, उत्पन्न मात्र मुलाबाळांना) करून ठेवावी, म्हणजे आमच्या पिढीत ती विकली जाणार नाही आणि तिचे तुकडेही पडणार नाहीत, हा अब्बांचा विचार अम्मीने फोनवर सांगितला. हेतू मला मनापासून पटतो. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली, तेव्हा मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न दान करावे, असाच सल्ला पैगंबरांनी दिला होता. ती जमीन विकायची नव्हती, बक्षीस द्यायची नव्हती, वारशानेही वाटायची नव्हती. तरीही दस्तावर सही करण्यापूर्वी काही गोष्टी तुमच्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत मोठी अडचण आपल्या मजहबची, म्हणजे शरीयतची जी परंपरा आपण पाळतो तिची, आहे. वक्फ करणाऱ्याने बागेचे उत्पन्न स्वतःच्या निर्वाहासाठी राखून ठेवावे, ही मुभा हनफी परंपरेच्या लोकांना इमाम अबू युसूफ यांच्या मतामुळे मिळते. आपण कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे, आणि आपल्याकडे स्वतःसाठी केलेला वक्फ ग्राह्य धरत नाहीत. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुख्यतः कुटुंबासाठी केलेला वक्फ अवैध ठरवला, त्यावर उपाय म्हणून जिना यांनी विधेयक मांडले आणि १९१३ च्या कायद्याने असे वक्फ पुन्हा वैध झाले. पण त्या कायद्यातही हयातीतला स्वतःचा खर्च भागवण्याची सवलत केवळ हनफींनाच आहे. म्हणजे ज्या आंब्याच्या पैशावर आज घरखर्च आणि औषधपाणी चालते, त्यावर वक्फ होताच अब्बांचा हक्क उरणार नाही. या वयात तुम्ही आमच्याकडे हात पसरावा, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरी गोष्ट दोन्ही फुफींची, म्हणजे अब्बांच्या बहिणींची. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर अब्बांचे आणि चाचांचेच नाव लागले आणि फुफींनी हक्क सोडल्याचा कागद मला कुठेच आढळला नाही. भावाच्या निम्मा हिस्सा शरीयतने प्रत्येकीला दिलेलाच आहे, आणि जे आपल्या मालकीचे नाही ते वक्फ करता येत नाही. ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वक्फ कायद्यातील दुरुस्तीबद्दल आपल्या समाजात पुष्कळ नाराजी आहे, त्यातल्या काही तरतुदी मलाही खटकतात. परंतु औलादीसाठी केलेल्या वक्फमुळे वारसांचा, त्यातही स्त्री वारसांचा, हक्क बुडता कामा नये, ही तरतूद मला न्यायाची वाटते. बहिणींचा वाटा आत ठेवून केलेल्या वक्फमध्ये सवाब (पुण्य) कसा मिळेल, हे अब्बांनीच सांगावे.

शिवाय वक्फ झालेली बाग गहाण पडत नाही. मोहरावर तुडतुडे आले की फवारणी, खत आणि राखणदार यांचा खर्च आधी करावा लागतो, आंब्याचे पैसे नंतर येतात. अशा वर्षी मोठे कर्ज काढायची वेळ आली तर बँकेला तारण काय देणार?

म्हणून माझे म्हणणे असे की, आधी फुफींची नावे लावून रीतसर वाटप करून घ्यावे. मग अब्बांच्या वाट्यातला गडग्यापलीकडचा लहान तुकडाच वक्फ करावा. त्याचे उत्पन्न नातवंडांच्या आणि गावातल्या गरजू मुलांच्या शिक्षणाला लावावे, आणि आपला वंश खुंटला तर ते सगळे गावातल्या मुलांना जावे, असे दस्तात लिहावे. आता लेखी दस्ताशिवाय वक्फ होत नाही आणि वक्फ मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. मुतवल्ली, म्हणजे वक्फची व्यवस्था पाहणारी व्यक्ती, स्त्रीही होऊ शकते. भाईजान मस्कतला राहून फवारणीची वेळ सांभाळू शकणार नाही, मी चिपळूणहून सांभाळू शकते. उरलेली बाग तुमच्या हयातीत तुमचीच राहू द्यावी.

आजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफाराची नक्कल तलाठ्याकडून काढून पाठवा, म्हणजे वकिलांना दाखवता येईल. तोपर्यंत कोठेही सही करू नका, आणि मोठ्या फुफींशी अब्बांनी स्वतः बोलावे, ही विनंती.

तुमची लेक