माणूस कुडाळचा, मृत्यूची नोंद गोव्यात: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

मी कुडाळ तालुक्यातला निवृत्त आरोग्यसेवक. आरोग्य संशोधन विभाग आपल्याच मंत्रालयात येतो, म्हणून थेट आपल्याला लिहितो आहे. संशोधनाचा पैसा वाटताना कुठल्या आजाराने कुठल्या जिल्ह्यातल्या माणसांची आयुष्याची किती वर्षं हिरावली, हे पाहून वाटा. आणि ते पाहण्यासाठी आधी आमची माणसं मोजा.

भाताच्या लावणीत बायाबापड्या दिवसभर चिखलात उभ्या असतात. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू त्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. ताप आला की घरात म्हणतात, भिजल्यामुळे आला. सुरुवातीच्या दिवसांत अँटीबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात, त्यामुळे झटपट चाचणीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते. मग डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते आणि गाडी करून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय गाठावं लागतं. रत्नागिरीकडचे कोल्हापूरला धावतात. माणूस तिथेच दगावला तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंदही तिथेच होते. जिल्ह्याच्या कागदावर तो दिसत नाही. कागदावर नाही म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून लवकर निदान करणारी स्वस्त चाचणी नाही, आणि चाचणी नाही म्हणून पुन्हा नोंद नाही.

सापाचंही तसंच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला अंदाजे ५८ हजार. त्यांतले चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालचे होते. बहुतेक मृत्यू गावात, घरीच झाले. सरकारी आकडे याच्या कितीतरी खाली होते. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला राज्यांना सांगितलं, याबद्दल मनापासून आभार. पण नोंदीच्या पुढचं काम संशोधनाचं आहे. प्रतिविषासाठी लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. आमच्या काजूच्या बागेतल्या, चिऱ्याच्या गडग्यातल्या फुरशावर ते प्रतिविष किती चालतं, हे तपासायला पैसा हवा. प्रतिविष ज्या चार सापांच्या विषावर बनतं, त्यांत आमच्या झाडीतला चापडा हा विषारी साप तर नाहीच.

दोडामार्ग, बांद्याकडे २०१६ पासून माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडी चावून होणारा ताप, आहे. हा आजार १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात सापडला. इतकी वर्षं उलटली, तरी काजू गोळा करायला जाणाऱ्या बाईला देता येईल अशी खात्रीची लस आजही नाही. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

रोगभाराचा, म्हणजे कुठल्या आजाराने आयुष्याची किती वर्षं हिरावली याचा, हिशोब प्रामाणिकपणे मांडला तर हृदयविकार आणि मधुमेह वर येतील, हे मला मान्य आहे. देशाच्या एकूण रोगभारात असंसर्गजन्य आजारांचा वाटा १९९० मध्ये ३० टक्के होता, २०१६ मध्ये तो ५५ टक्के झाला. तरणी माणसं मुंबईला आणि घरात म्हातारी, अशा आमच्या वाड्यांतही रक्तदाबाच्या गोळ्या घरोघरी आहेत. त्यावर खर्च व्हायलाच हवा. पण त्या आजारांवर जगभर संशोधन चालू आहे. आमच्या फुरशावर आणि माकडतापावर आपण नाही केलं, तर दुसरं कुणी करणार नाही.

आणि इथे संशोधन होऊ शकतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं आहे. विंचूदंशाने माणसं जात होती, तेव्हा त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून उपचार शोधला, तोही तालुक्याच्या ठिकाणी रुग्णांच्या उशाशी बसून. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका माणसाच्या जिद्दीवर देशाचं संशोधन किती दिवस चालवायचं?

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. डहाणूला आपल्या विभागाचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, तसंच एक दक्षिण कोकणात द्या. लेप्टो, सर्पदंश आणि माकडताप यांसाठी किमान पाच वर्षांचा बांधील निधी ठेवा, म्हणजे पावसाळा संपला की काम थांबणार नाही. परगावी मरण पावलेल्या रुग्णाची माहिती त्याच्या राहत्या तालुक्याला कळवण्याची व्यवस्था गोवा आणि महाराष्ट्र सरकारांशी बोलून लावा. आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी विभागाने कुठल्या आजारावर किती खर्च केला, तो तक्ता जिल्हावार रोगभाराशेजारी ठेवून जाहीर करा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेवक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग