पिशवी काढल्यानंतरचं कोण बोलणार?

महोदय,

माझ्या जाऊबाईंची गर्भाशयाची पिशवी ३८व्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली, पण नंतरच्या त्रासाचं कोण बोलतं? ऐन पौषात त्या मध्यरात्री ओट्यावर येऊन बसायच्या, ब्लाउज घामाने चिंब. पहिल्या डॉक्टरांनी ‘वयाचं आहे’ म्हणत कॅल्शियम लिहून दिलं. ३८ हे काय वय झालं?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी ऑपरेशनचे कागद मागितले. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, पायात रक्ताची गुठळी, बीपी, सगळं विचारलं. मग समजावलं: अंडाशय गेले की त्यांतून मिळणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन थांबतं, म्हणून हा घाम; ते औषधातून घेता येतं. गर्भाशय नसेल तर बहुतेकदा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, असेल तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतं. गोळीपेक्षा त्वचेवर लावायच्या जेलने गुठळीचा धोका कमी. अंडाशय लवकर गेले तर हाडांसाठी, हृदयासाठी साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन घेणं बहुतेकींच्या हिताचं. हे सांगून त्यांनी विचारलं, “ताई, तुम्हाला काय जमेल?” जाऊबाईंना असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी जेल निवडलं.

अंडाशय काढले की ठेवले, हे कागदांत मात्र कुठेच नव्हतं. ते काढलेत, हा अंदाज सोनोग्राफी करून बांधावा लागला. दवाखान्यांनी डिस्चार्ज कार्डावर ही एक ओळ मराठीत लिहावीच.

– एक वाचक, माजलगाव