त्या अनोळखी प्लंबरकाकांचे मनःपूर्वक आभार

गेल्या रविवारी आमच्या बेसिनचे गंजलेले पितळी वेस्ट कपलिंग (तळाच्या छिद्रात बसणारा, पाणी खालच्या पाईपमध्ये सोडणारा भाग) काढताना मी जोर लावला आणि खालचा नट सुटण्याऐवजी संपूर्ण कपलिंगच त्याच्यासोबत गरगर फिरू लागले. गळती वाढली, आणि आजारी वडिलांना तर त्या बेसिनशिवाय पर्याय नव्हता. अशा वेळी शेजारचे काम आटोपून निघालेले एक प्लंबरकाका आवाज ऐकून दाराशी थांबले आणि ओळखदेख नसताना मदतीला आत आले.

पान्ह्याने आणखी जोर लावल्यास चिनी मातीचे भांडे तडकेल, हे त्यांनी मला आधी शांतपणे समजावले. मग करवतीच्या पात्याने नट तिरका कापत नेऊन आट्यांपाशी ते थांबले आणि त्या खाचेत स्क्रूड्रायव्हर पिळून त्यांनी तो उकलला. हादरा भांड्याला बसू नये म्हणून त्या क्षणी त्यांनी आपला डावा तळहात बेसिनच्या तळाशी धरला होता. तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

नवे 32 मिलीमीटरचे कपलिंग मी आणलेलेच होते. जुना थर खरवडून, ओव्हरफ्लोची (बेसिन भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्याची) छिद्रे जुळवून आणि रबरी वॉशर नीट बसवून त्यांनी नट हातानेच आवळला व पान्ह्याने केवळ पाव फेरा दिला. बेसिन भरून पाणी एकदम सोडले, सांध्याखाली कागद फिरवला; तो कोरडाच निघाला.

पितळेचा कीस स्वतः पुसून, मजुरी नाकारून, "बाबा, आता निर्धास्त तोंड धुवा," असे वडिलांना सांगून ते निघाले. गडबडीत त्यांचे नाव विचारायचे राहिले, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.