कापसाच्या बोळ्याने कान वाचत नाहीत

संपादक महोदय,

ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की ‘कानात कापूस घाला’ हा सल्लाही सुरू होतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण कापूस सच्छिद्र. त्याने आवाज जेमतेम पाच-सात डेसिबलने उतरतो.

कानाची बांधणीच मुळी आवाज वाढवणारी आहे. हवेतला आवाज द्रवावर आपटला की बहुतेक परत फिरतो आणि आतला कान द्रवानेच भरलेला. ही तूट भरून काढण्यासाठी पडद्याची कंपने हातोडा, ऐरण आणि रिकीब या हाडांतून जातात. रिकिबीच्या तळव्यापेक्षा पडदा सुमारे 17 पट मोठा, त्यात हाडांची तरफ. मिळून दाब वीसेक पट होतो. मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आखडतो खरा, पण त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात. ताशाची काडी तोवर पडून गेलेली असते.

पुढे कर्णावर्त: शंखासारखी अडीच वेढ्यांची, उलगडल्यास सुमारे 35 मिलिमीटरची नळी. तोंडाशी उंच स्वर, टोकाला खर्ज. त्यातल्या सुमारे 3500 केशपेशी (आवाज टिपणाऱ्या, केसासारखे तंतू असलेल्या पेशी) मेंदूला खबर देतात, बाहेरच्या रांगांतल्या 12000 क्षीण आवाज उचलून धरतात. गोंगाटाचा पहिला घाव बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. स्वर भारदस्त असतात, ते पोहोचतात. स, च, त यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘सात’ की ‘पाच’ हा घोळ सुरू होतो. कोंबडीच्या कानात मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या नाही.

आता हिशेब. 85 डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटे. कापसाने सहा डेसिबल वाचवले तरी तासभरच, आणि सराव चालतो दोन-तीन तास.

त्यापेक्षा फोमचे इअरप्लग घ्या, पण नीट बसवा. स्वच्छ बोटांनी वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो नावालाच. तळव्यांनी कान झाकून पाहावे: आवाज आणखी बराच उतरला, तर प्लग बसलेला नाही. फोमने ताल बोथट ऐकू येतो ही वादकांची तक्रार रास्त आहे. त्यांच्यासाठी सगळे स्वर साधारण सारखेच उतरवणारे फिल्टरचे प्लग मिळतात.

सरावानंतर कानात शिटी वाजली किंवा दडे बसले, तर तो थकलेल्या केशपेशींचा इशारा समजावा. घरी लगेच तेल ओतू नये. पडदा शाबूत असेल तर ते पलीकडे जातच नाही आणि फाटलेला असेल तर जायला नको. दुसऱ्या दिवशीही दडे राहिले, किंवा एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अशा बहिरेपणावर औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.

पथकांनी नावनोंदणीच्या वेळी आणि विसर्जनानंतर प्रत्येक वादकाची श्रवणचाचणी करून घ्यावी. चाचणीच्या आदल्या रात्रीपासून वादन नको, आणि 3000, 4000 व 6000 हर्ट्झ तपासायला आवर्जून सांगावे.

– एक श्रवणतज्ज्ञ, पुणे