लाडूला परत सोडू नकोस

परळ, मुंबई
9 जुलै

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पाऊस इतका कोसळत होता की निम्मं बोलणं मला ऐकूच आलं नाही. शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट ऐकलं. "उद्या सकाळी पिल्लू जिथून उचललं तिथे नेऊन सोडतो." त्यानंतर मला झोप लागली नाही. सकाळी पहिलं काम म्हणून तुला फोन केला आणि दोन दिवस थांबायचा शब्द घेतला. आता सगळं नीट लिहून काढतोय. कागदावर असलं की वहिनीही वाचतील, काकूही वाचतील.

वहिनींनी देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर गोचीड चढताना पाहिली आणि त्या घाबरल्या. कुणीही घाबरेल. आमच्याकडे बंड्या, आमचा कुत्रा, आला त्या वर्षी मीसुद्धा दाराच्या चौकटीला बॅटरी लावून बसायचो. पण लाडू, ते कुत्र्याचं पिल्लू, घाणेरडा आहे, किंवा तुमचं घर अस्वच्छ आहे, असं कृपा करून कुणी मनात आणू नका. मुंबईच्या हवेत गोचिडींना सुट्टी नसते. थंडी अशी पडतच नाही आणि दमटपणा बारा महिने. जिन्यात, पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीखाली, जिथे कुत्रं बसतं तिथे त्या असतातच.

भिंतीवर का चढतात, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. आपल्याकडच्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते, ती जन्मभर कुत्र्यावर राहत नाही. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू, त्याच्यानंतरची आठ पायांची मधली अवस्था आणि मग पूर्ण वाढलेली गोचीड, अशा तीन वेळा ती कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली उतरते. कात टाकायला तिला कोरडी, अंधारी फट लागते आणि ती शोधत ती वर वर चढते. चौकट, पडद्याची शिवण, फोटोफ्रेमची मागची बाजू, स्विचबोर्डची कड. मादी पोटभर रक्त पिऊन फुगली की एरंडाच्या बीसारखी राखाडी, गुळगुळीत दिसते. ती अशाच फटीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. पुढच्या पिढीला लगेच कुत्रं मिळालं नाही तरी मोठी गोचीड महिनोन्महिने उपाशी राहू शकते. म्हणून म्हणतो, लाडूला सोडलंस तरी घरातल्या गोचिडी घरातच राहतील. जाईल फक्त लाडू.

आता माझी चूक ऐक. ही मी फार कुणाला सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बंड्याच्या कानात एक गोचीड दिसली. चिमट्याने काढली, स्पिरिटमध्ये टाकली आणि झालं, असं मानून मोकळा झालो. औषधाची तारीख उलटून दीड महिना झाला होता. पावसाची गडबड, ऑफिसचं काम, पुढच्या रविवारी बघू. दोनेक आठवड्यांनी त्याने जेवण सोडलं. दूध-पोळीकडे बघायचा आणि मान फिरवायचा. जवळच्या एका डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून औषध दिलं. मी गोचिडीचं बोललोच नाही, कारण माझ्या लेखी तो विषय संपला होता. चौथ्या दिवशी गणपतीच्या तयारीची खोकी उघडत होतो आणि बंड्या कोपऱ्यात बसून होता. पांढऱ्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. नाकातून आलेले. ओठ वर करून पाहिलं, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

तसाच टॅक्सीत घालून परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात, बैलघोड्याला नेला. आपल्या लहानपणापासून ते बैलघोडा हॉस्पिटलच. 1886 साली पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं तेही इथेच परळला. रक्त तपासलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, अडतीस हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. गोचीड ताप, एर्लिकिया. मग अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, तेही पोटात काही असतानाच, नाहीतर उलटी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने माझ्या हातातून पनीरचा एक तुकडा घेतला. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो, संज्या. त्या वर्षी आमच्या गणपतीला आरती झाली, पण माझं सगळं लक्ष त्या अंथरुणाकडे होतं.

हे लक्षात ठेव: गोचीड काढली म्हणून ताप टळत नाही. चावल्यावर काही तासांतही जंतू अंगात जाऊ शकतो आणि ताप दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे आज काढलेल्या गोचिडीची तारीख कॅलेंडरवर लिही. पुढचे तीन आठवडे लाडू सुस्तावला, अंग तापलं, खाल्लं नाही, हिरड्या फिकट दिसल्या, लघवी गडद झाली, तर थांबू नकोस. डॉक्टरांच्या दारातच सांग, "गोचिडी होत्या, रक्त तपासा." गडद लघवी बबेसियातही होते, तो गोचिडीमुळेच होणारा दुसरा आजार. त्याचं औषध वेगळं आहे, म्हणून अंदाजाने गोळ्या नकोत. आणि इतक्या लहान पिल्लाच्या अंगावर खूप गोचिडी असल्या तर नुसत्या रक्त पिण्यानेही ते खंगतं. तेव्हा रोज सकाळी हिरड्या बघायची सवय लाव.

आज संध्याकाळी एक कर. ईराला आणि लाडूला खिडकीजवळ उजेडात घेऊन बस. डोळ्यांनी शोधू नकोस, बोटांनी शोध. कानाची पाळी उलटून आतल्या घड्या, कॉलरखाली, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि पायांच्या बोटांमधली प्रत्येक बेचकी. लहान गोचिडी तिळाएवढ्या असतात, बोटाला खडा लागल्यासारखं होतं. सापडली की बारीक टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवून धर आणि हळू, सरळ वर ओढ. पिळू नकोस, हिसका देऊ नकोस. नखावर चिरडू तर मुळीच नकोस, ईराला हे दोनदा सांग. झाकणाच्या बाटलीत सर्जिकल स्पिरिट घे आणि त्यात टाक. बेसिनमध्ये टाकलेली परत वर येऊ शकते. मग हात साबणाने धुवा.

काकू रॉकेल लाव म्हणाल्या ना? त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, गावी गुरांना लावायचे तेव्हा दुसरं होतंच काय. पण पिल्लाची कातडी भाजते आणि ते अंग चाटतं. तंबाखूचं पाणीही नको, ते सरळ विष आहे. लसूण खायला घालणंही कुत्र्याला बाधतं. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली घालायचा असेल तर घाला, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पिसवांचं गणित जरा वेगळं आहे. तू म्हणालास तो रात्रभर कराकरा खाजवतो, म्हणजे त्याही असणार. बघायची एक सोपी रीत आहे. आपल्या आज्या लिखा काढायच्या ती बारीक दातांची फणी घे, कमरेपासून शेपटीपर्यंत उलटी फिरव आणि फणीतली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर झटक. पुडीभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे. त्यात लाडूचंच रक्त आहे. एक पिसू दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती केसांवरून ओघळून चटईत, सोफ्याच्या फटीत, फरशीच्या सांध्यात पडतात. अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीचा सगळा कारखाना घरात असतो.

पिसवेच्या वाढीतली सगळ्यात चिवट अवस्था कोशाची. कोशातल्या पिसवेला बहुतेक फवारे लागू होत नाहीत आणि ती महिनोन्महिने वाट बघू शकते, पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास जाणवेपर्यंत. आम्ही एकदा मे महिन्यात तीन आठवडे गावी गेलो होतो, बंड्याला घेऊन. परत येऊन कुलूप उघडलं, बॅगा आत ठेवल्या आणि दहा मिनिटांत माझ्या दोन्ही घोट्यांवर लाल पुरळ. बंद घरात इतके दिवस झोपलेल्या पिसवा आमच्या चालण्याने जाग्या झाल्या. तेव्हा उपचार सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे पिसवा दिसत राहिल्या, तर औषध फुकट गेलं असं समजू नकोस. कोश फुटतायत आणि बाहेर आलेल्या पिसवा औषधावर मरतायत.

पिसू म्हटलं की आमच्या परळच्या माणसाला प्लेग आठवतो. 1896 साली मांडवीत तो सुरू झाला, डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला आणि 10 जानेवारी 1897 ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. उंदीर मेला की पिसवा थंड शरीर सोडून माणसाकडे वळतात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये कराचीत दाखवलं. काकूंना हे आठवून भीती वाटली असेल तर सांग, ती मुख्यतः उंदरावरची पिसू, लाडूच्या अंगावरची वेगळी. लाडूच्या पिसवांनी अंगाला खाज येते आणि कुत्र्याने चावून ती गिळली तर पोटात पट्टकृमी होतो. शौचाजवळ तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं तर जंताचं औषधही लागेल. गोचिडींनी माणसालाही ताप येऊ शकतो. घरात कुणाला ताप आणि अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचिडींबद्दल आवर्जून सांगा.

औषधाचं. लाडूचं वजन करून डॉक्टरांकडे ने, अंदाजे वजन सांगू नकोस. अगदी लहान पिल्लाला बहुतेक फिप्रोनिलचा फवारा देतील. थोडा मोठा झाला की खायची गोळी मिळते. अफॉक्सोलेनर महिन्याला एक, फ्लुरालेनर साधारण तीन महिन्यांना एक. या गोळीवर गोचीड चावल्यावरच मरते, त्यामुळे अंगावर मेलेली, सुकलेली गोचीड दिसली तर काळजी नको. कधी झटका, फीट आली असेल तर गोळीआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. मानेवर टाकायचे थेंब वापरलेस, तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

आणि तुमच्या शेजारच्या आजींची मनी दिवसभर तुमच्याकडेच असते ना? मग हे नीट वाच. आमच्या मजल्यावर एकांनी दुकानातून कुत्र्याचे थेंब आणून मांजरीला "थोडेसेच" टाकले. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. तासाभरात ती थरथरायला लागली, मग आकडी. रात्रभर सलाईनवर होती, वाचली. मांजराच्या शरीराला हे विष पचवता येत नाही. लाडूसाठी परमेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेलं काहीही आणू नकोस, कारण मनी त्याच्या अंगाला अंग घासते.

घराचं काम जड आहे, पण ते टळणार नाही. लाडूचं अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. रोज फटी, सोफ्याचे कोपरे, पलंगाखालची कडा व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच बाहेर नेऊन टाका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावशील तेव्हा झुरळांसाठी नको, गोचिडींसाठी हवंय, असं स्पष्ट सांग, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरा फवारा ठरवूनच ठेव, कारण तोपर्यंत उरलेली अंडी फुटतात. त्या दिवशी लाडू, मनी आणि ईरा घरात नकोत. ईराचा फिश टँक बाहेर काढता आला तर उत्तम, नाहीतर पंप बंद करून घट्ट झाका. त्या फवाऱ्याने मासे पटकन मरतात.

एक राहिलं. तुमच्या गेटवरची चार कुत्री. लाडू रोज त्यांच्यातूनच फिरायला जातो. आमच्या चाळीत आम्ही सात घरं मिळून वर्गणी काढतो आणि डॉक्टरांना विचारून खालच्या तिघांना वेळेवर गोळी देतो, चिकनच्या तुकड्यातून. तेव्हापासून जिन्यातल्या गोचिडी खूप कमी झाल्या. कमिटीत हे मांडताना तुला बोलायला अवघड जात असेल तर मी येतो, सोसायटीच्या मीटिंगला माझी ना नाही.

रविवारी सकाळी अकराच्या बोरिवली लोकलने येतोय. चिमटा, फणी आणि वजनकाटा माझ्याकडे आहे, तू फक्त स्पिरिट आणून ठेव. बंड्याचं जुनं गोधडीचं अंथरूणही आणतो, गरम पाण्यात दोनदा धुतलंय. त्याच्या आजारपणात तो त्यावरच झोपायचा.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार. ईराला सांग, लाडू कुठेही जाणार नाही.

तुझा,
विलास