व्याख्येपलीकडची संशोधनपद्धती

महोदय,

राज्यशास्त्राच्या वर्गांत संख्यात्मक संशोधनपद्धती बहुधा व्याख्येपुरतीच शिकवली जाते, याची मनापासून खंत वाटते. त्याऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती ‘फॉर्म २०’, म्हणजे निवडणुकीच्या अंतिम निकालाचा तक्ता, द्यावा. त्यात मतदान केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराला आणि २०१३ पासून ‘नोटा’लाही किती मते पडली, हे ओळीने दिलेले असते. मात्र एखाद्या केंद्रावर अमुक समाजाची वस्ती मोठी आणि तमुक पक्षाची मते जास्त, एवढ्यावरून ती मते त्याच समाजाची होती, असे ठरत नाही; त्यासाठी मतदारयादीतून यदृच्छेने निवडलेल्या मतदारांना घरी जाऊन विचारावे लागते, जे ‘लोकनीती-सीएसडीएस’ ही निवडणूक सर्वेक्षणे करणारी संशोधनसंस्था अनेक वर्षे करत आली आहे. केंद्राचे एकूण आकडे आणि एकेका मतदाराचे मत यांतला हा फरक स्वतः आकडेमोड केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

– एक निवृत्त प्राध्यापक, सातारा